नावेचं इंजिन आणि आमचा दादा

फोन वाजला तेव्हा मी गाडीखाली होतो. रामनगरच्या बाजूला, गंगेच्या वाळूत. खालून पाठ भाजत होती, वरून तोंडावर ग्रीस टपकत होतं. फोनवर दादाचं नाव दिसलं. आदल्याच दिवशी त्याने बोल्ट कसून घ्यायला सांगितले होते आणि मी अर्थातच कसले नव्हते. त्यामुळे त्याने विचारायच्या आत मीच ओरडलो, "अरे कसतोय, कसतोय! जरा दम धर ना!" पलीकडून वहिनीचा आवाज आला, "गजूभावजी, मी बोलतेय... हे गेले." सकाळचे दहा वाजले असतील. मी तसाच गाडीखाली पडून राहिलो. जन्मभर मी चुकीच्या वेळी चुकीचं बोलत आलोय, पण इतकं नेमकं चुकीचं मलासुद्धा आधी कधी जमलं नव्हतं. तेराव्याला वहिनीची माफी मागितली, तर ती रडता रडता हसली. म्हणाली, "अहो, त्यांनी ऐकलं असतं ना, तर एवढंच विचारलं असतं की अजून कसले नाहीस ना?"

दादा म्हणजे श्रीधरदादा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. दूधविनायकच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. इतकी समोरासमोर की आमच्याकडे फोडणी पडली की शिंक त्यांच्याकडे यायची. घराणं पुरोहितांचं. त्यात दादा रेल्वेत गेला, पस्तीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केली, एकेक इंजिन आमच्या दोन्ही घरांएवढं. आणि मी? मला मंत्र येईनात, पाढे येईनात. सातवीत मी इतकी वर्षं राहिलो की नवीन मास्तर आले की वर्ग दाखवायला मलाच पाठवायचे. लिहिणं माझं काम नाही. हे मी बोलतोय आणि दादाची मुलगी मीनल लिहून घेतेय. हिंदी शब्द आला की डोळे वटारते, दोन आले की पेन खाली ठेवते.

मी बरेच धंदे केले आणि सगळे बुडवले. टिकला तो एकच, गाडीचा. फौजेच्या लिलावातून निघालेली जुनी गाडी, चारही चाकांना जोर, मागे सामान टाकायला जागा. उन्हाळ्यात गंगेच्या पलीकडे वाळू उघडी पडते, तिथे मल्लाह, म्हणजे नावाडी लोक, ककडी, खरबूज, कलिंगड लावतात. तो माल वाळूतून काढून रामनगरच्या सडकेपर्यंत आणायचा, हे माझं काम. गाडी ओढायची झकास, पण पेट्रोल प्यायची अशी की घागरच पालथी केलीय जणू. शेवटी शेवटी तर मी कलिंगडं वाहतोय की पेट्रोल, तेच कळेना. त्यातच घाटावरच्या नावा गॅसवर गेल्या. लोकांनी जुनी डिझेल इंजिनं काढून टाकली. मुन्शी घाटावरच्या रामधनीचं इंजिन असंच ताडपत्रीखाली पडलेलं होतं. त्याची नाव घाटावर आणि कलिंगडाची वाडी समोरच्या वाळूत. तो म्हणाला, "ले जाइए महाराज, पंद्रह साल हमको पार लगाया है, आपको भी लगा देगा." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या डोक्यात उजेड पडला की घरातले लोक घाबरतात.

दादाला विचारायला गेलो. तो ओट्यावर बसून पेरूला मीठ लावत होता. "दादा, छोटं डिझेल इंजिन आपल्या गाडीत टाकावं म्हणतोय. अकलेचं आहे ना?" त्याने आधी पेरू खाऊन संपवला. मग म्हणाला, "नाही."

"का पण?"

"त्या गाडीला शंभरावर घोडे होते, तू वीस देतोस. नाव पाण्यात असते गजू, पाणी बाजूला होतं. वाळू होते का बाजूला? आणि नावेचं इंजिन एका तालात चालतं, तुझा ताल कधी एक होता?"

एवढं बोलून त्याने मलाही एक फोड दिली. मला वाटलं, एवढं प्रेमाने देतोय, म्हणजे पूर्ण नाही म्हणत नाहीये.

मग मी त्याच्यापासून लपवून ते इंजिन रामनगरला लल्लन मिस्त्रीकडे नेलं. आणि आता जे सांगतो ते आमच्या घराण्यातच होऊ शकतं. मी मुहूर्त काढला! पंचांग बघणाऱ्या काकांकडे गेलो, त्यांनी विचारलं कशाचा, मी म्हटलं स्थापनेचा. त्यांना वाटलं, अखेर हा सुधारला, घरात देव बसवतोय. डोळे भरून आले त्यांचे. अकरा पन्नासच्या आत उरकायचं, असं बजावलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाची एक जाड प्लेट लागते, तिची भोकं दोन्हीकडे अगदी केंद्रात यावी लागतात. साडेअकराला लल्लनने डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, "एक सूत का फरक है भइया. कल खराद पर चढ़ा देंगे, आज रहने दीजिए." खराद म्हणजे लेथ, पण एक सूत म्हणजे किती? नखाएवढं. मी म्हटलं, उद्या मुहूर्त नाही. आम्ही हातोड्याने बोल्ट ठोकून बसवले. अकरा अठ्ठेचाळीसला इंजिन स्थापन झालं. मी नारळ आपटला. नारळ फुटला नाही, डिझेलची नळी वाकली.

आणखी एक. नावेत त्या इंजिनाला थंड कोण ठेवायचं? गंगा. नळीने पाणी आत घ्यायचं, गरम झालं की परत सोडायचं. गाडीत गंगा नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी एक बालदी बांधली.

पहिला माल रामधनीचा. कलिंगडं रचली, गाडी निघाली, मी हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. चाळीस पावलं. मग खडखड, मग धूर, मग बालदीला उकळी. गिअरबॉक्सचा दांडा तुटला होता. ट्रॅक्टरने आधी कलिंगडं नेली, मग मला. रामधनी भला माणूस, पण त्यानेही सांगितलं की अगले साल गाडी चलेगी तो ठीक, नहीं तो ट्रॅक्टर. त्या आठवड्यात भंगारवाला येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेला. मी हसून त्याला चहा पाजला. घरी येऊन मात्र जेवलो नाही. बाकी सगळे धंदे बुडाले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं... या वेळी वाटलं. ही गाडी गेली असती तर मी पुन्हा कोणीच राहिलो नसतो.

दादाला कोणी सांगितलं माहीत नाही. गल्लीत काय, सगळ्यांना सगळं कळतं. ऑटोने पूल ओलांडून तो लल्लनच्या अंगणात येऊन उभा राहिला. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, डॉक्टरांनी उचल-ठेव करायला मनाई केली होती. त्याने इंजिनाला लाकडाची पट्टी टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि मला हँडल मारून इंजिन फिरवायला सांगितलं. मग पट्टी खाली ठेवून विचारलं, "प्लेट कोणी बसवली?"

"मुहूर्ताने," मी म्हणालो.

तो इतका हसला की खोकला आला, खोकला थांबेना, लल्लन पाणी घेऊन धावला. मी म्हटलं, "तू नको म्हणाला होतास, आता बोल काय बोलायचं ते." तो म्हणाला, "करावं का, हा प्रश्न होता तेव्हा मी नाही म्हटलं. आता केलंयस. आता कसं, एवढाच प्रश्न आहे."

पावसाळा संपल्यावर तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. प्लेट नवीन, खरादावर चढवून. बालदी जाऊन रेडिएटर आला. इंजिनाखाली रबराच्या जाड गाद्या. आणि मुख्य म्हणजे भंगारातून आणखी एक गिअरबॉक्स आणून तो पहिल्याच्या मागे जोडला. मला समजावलं, "वीस घोडे पळवू नकोस, चालव. जोर वाढवता येत नाही, पण चाल कमी करता येते." म्हणजे गाडी आता बैलाच्या वेगाने जाणार होती. लल्लनची गिऱ्हाइकं विचारायची, ये गाड़ी है कि बारात? मीही तेच म्हणायचो. दादा मात्र स्टुलावर बसून स्वेटरच्या बाहीला नाक पुसत एकेक बोल्ट मला कसायला लावायचा. स्वतः हात लावायचा नाही. मी सैल ठेवला की मागे न बघता म्हणायचा, "अजून अर्धा." त्याला आवाजावरून कळायचं. पस्तीस वर्षांत मी त्याच्याशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या थंडीत बोललो. मी रोज विचारायचो, "आता सांग, अकलेचं ना?" तो म्हणायचा, "वाळूला विचार."

यंदा एप्रिलमध्ये वाळूला विचारलं. रामधनीचा पहिला माल, तीच वाट. दादाला म्हटलं बस माझ्या शेजारी. नाही म्हणाला, आत बसलं की इंजिनाचा आवाज खोटा येतो. तो काठी घेऊन गाडीच्या डाव्या अंगाने, पत्र्यावर हात ठेवून चालू लागला, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून नेतात तसा. मी आरशात त्याला बघत होतो. चाळीस पावलं झाली. शंभर झाली. इंजिन एका तालात टकटक, चाकं हळूहळू, वाळू दबत होती पण धरत नव्हती. मी आत एकटाच ओरडत होतो. आणि मग आरशात दादाचा हात पत्र्यावरून सुटला.

तो थांबला होता. वाकला, छातीवर हात. भरल्या गाडीने तिथे थांबलं की चाकं रुतणार, पुन्हा निघणार नाहीत, वर्षाची मेहनत तिथेच बसणार, हे मला माहीत होतं. तरी मी क्लचवर पाय ठेवला. तेवढ्यात त्याने काठी वर केली आणि दोनदा पुढे दाखवली. चल. तोंडाने शिवीही दिली असणार, ओठ हलले. मी पाय काढला. तो वाळूत बसला, आरशात लहान होत गेला आणि मी गाडी चालवत राहिलो. सडकेवर पोचलो, चावी काढली आणि चपला टाकून परत मागे पळत आलो. वाळूत दोनदा पडत.

दादा रामधनीच्या खाटेवर बसून ककडी खात होता. घामाने भिजलेला, पण ककडीला मीठ बरोबर लावलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "थांबला नाहीस."

"चुकलं का रे?"

"बरोबर केलंस." मग ककडीचं दुसरं टोक मला दिलं. "इंजिन पण."

मला कोणी 'बरोबर' म्हटलेलं ऐकायची सवय नव्हती. मी ककडी हातात धरून मूर्खासारखा उभा राहिलो. त्यानंतर तीनच आठवडे तो होता.

हंगाम आता संपत आलाय. पाणी वाढेल, ती वाट गंगेखाली जाईल. गाडी चालतेय, पुढच्या वर्षाचं रामधनीने आत्ताच सांगून ठेवलंय. लल्लन परवा म्हणाला की डावा आरसा पार खाली वळलाय, त्यात सडक दिसतच नाही, आणि त्याने तो सरळ केला. मी पुलापर्यंत पोचायच्या आत परत खाली वळवला. आता त्यात फक्त गाडीचा पत्रा दिसतो आणि शेजारी एका माणसाला चालता येईल एवढी जागा. मागचे टेम्पोवाले हॉर्न मारून शिव्या देतात. मला ते दिसत नाहीत. बैलाच्या चालीने जातोय, जायचं असेल त्याने उजवीकडून जावं... डावी बाजू मोकळी नाही.