‘न्हाय’ची दुरुस्ती

माहिती नीटनेटकी कशी करायची हे मला ज्या सरांनी शिकवलं, त्यांचा मला पहिल्याच तासाला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तालुक्याच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्हा सहाजणींना बसवून त्यांनी माझी शीट पडद्यावर लावली आणि म्हणाले, “घाणेरडी माहिती कशी असते, बघा.” त्यांच्या कामात हा शब्द सर्रास वापरतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की पडद्यावर माझ्या आत्याचं बोलणं आहे.

प्रकल्प होता किनाऱ्यावरच्या गावांत पूर्वी पाणी कोण कुठून भरायचं, याच्या आठवणींचा. चौलपासून मुरुडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीवाडीत विहिरी. आमची बौद्ध वस्ती वाड्यांच्या मागे, खाऱ्या दलदलीच्या, खाजणाच्या बाजूला. तिथे तेव्हा विहीर नव्हती. मला या कामावर घेतलं ते माझ्या एम.ए.मुळे कमी आणि आडनावामुळे जास्त. प्रमुख मॅडम मुंबईच्या, गोड बोलायच्या. त्या म्हणाल्या होत्या, “तुला तिथे ॲक्सेस आहे.” त्यांच्या दृष्टीने ॲक्सेस असेल, माझ्या दृष्टीने ती आत्या होती.

वस्तीतल्या बायका आवाज रेकॉर्ड करू देत नव्हत्या. “आवाज नको भरूस, लिव,” म्हणायच्या. म्हणून मी मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये त्या बोलतील तसं टाइप करत गेले. मुख्य प्रश्न एकच होता: लहानपणी वाडीतल्या विहिरीवर तुम्हाला स्वतः पाणी काढता यायचं का? आत्याकडून त्याचं उत्तर मिळवायला मला तीन खेपा पडल्या. पहिल्या दोन वेळा तिने चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ती पडवीत माडाच्या पातीचे हीर काढत बसली होती, खराट्यासाठी. मान वर न करता म्हणाली, “न्हाय.” मी विचारलं, मग पाणी कसं मिळायचं? “वरून कोनी वतलं तर. उनात उबं ऱ्हायाचं.” एवढं बोलून ती पुन्हा हीर ओढायला लागली. मी ते अक्षरन् अक्षर लिहून घेतलं.

आणि आता सर ते पडद्यावर मोठ्याने वाचत होते. “न्हाय. न्हाय बाय. कुठलं. व्हय. कोन भरू देतंय.” वाचताना त्यांनी गावरान हेल काढला, नाटकातल्या नोकराचा असतो तसला. बाकीच्या पाचजणी हसल्या. मीही हसले. हे लिहिणं मला भाग आहे. शाळेत बाईंनी एकदा ‘हाय नव्हे, आहे’ म्हणून उभं केलं होतं, तेव्हापासून मी ती बोली जिभेवरून खरवडत आले होते, आणि ती पडद्यावर हातभर अक्षरांत उभी राहिली तेव्हा मला आत्याची नाही, माझी लाज वाटली.

सरांचे नियम असे. एका चौकटीत एकच गोष्ट. एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द. शब्दामागे चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा ते उवा काढाव्यात तशी शोधून काढायचे. मी भराभर साफ करायला लागले, कारण मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. लांब उत्तरांतून होकार-नकाराचा शब्द तेवढा ठेवला आणि बाकीचं ‘शेरा’ नावाच्या वेगळ्या रकान्यात टाकलं. सर म्हणाले, हा रकाना मोजता येत नाही, काय कामाचा? मी तो उडवला. वरून ओतलेलं पाणी आणि उन्हातलं उभं राहणं त्यात गेलं.

मग शब्दांची वेळ आली. वस्तीत आता नळ आहे का, या दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी ‘हाय’ म्हटलं होतं. मी अख्ख्या शीटला हुकूम सोडला: जिथे जिथे ‘हाय’ असेल तिथे ‘होय’ कर. यंत्राने केलं. ‘न्हाय’च्या पोटातही ‘हाय’ असतं, हे यंत्राला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. आईच्या दुधाबरोबर तो शब्द प्यायलेली मी, आणि मला ते दिसलं नाही. सगळ्या ‘न्हाय’चं ‘न्होय’ झालं.

पुढच्या पायरीला एकसारखे दिसणारे शब्द यंत्र आपणहून समोर मांडतं आणि विचारतं, हे एकत्र करू का? त्याने मांडलं: होय, व्हय, न्होय. बारीक अक्षरांत ‘न्ह’ आणि ‘व्ह’ सारखेच दिसतात. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. “हे सगळं एकच दिसतंय. टायपिंगच्या चुका. करा एकत्र.” मी केलं, सगळ्यांचं ‘होय’ झालं. सरांना माझ्या भाषेतलं काही समजत नव्हतं, हे खरं आहे, पण बटण त्यांनी दाबलं नाही.

त्यातला खरा विनोद असा, की शेजारच्या गावातली माझी सुरुवातीची उत्तरं मी आळसाने शुद्ध मराठीत ‘नाही’ अशी लिहिली होती. ती सगळी शाबूत राहिली. त्यामुळे रकान्यात होय-नाही दोन्ही दिसत होतं आणि कुणाला संशय आला नाही. ज्या बायकांचं बोलणं मी जसंच्या तसं घेतलं होतं, नेमक्या त्यांच्याच तोंडात उलटा शब्द बसला. सर म्हणाले, “छान.” त्या आठवड्यात त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

काही महिन्यांनी मॅडम निष्कर्ष सांगायला आमच्या गावी आल्या. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सकाळचा कार्यक्रम. पुढे वाडीवाले, मागे आम्ही. कुणी बसवलं नव्हतं, आपोआप तसं झालं. मॅडमनी सांगितलं, की इतर गावांपेक्षा इथलं चित्र वेगळं आहे, इथल्या वस्तीतल्या बहुतेक स्त्रियांनी वाडीतली विहीर आपल्याला खुली होती असं म्हटलंय. पहिल्या रांगेतले वाडीवाले निवृत्त गुरुजी लगेच मागे वळून म्हणाले, “आमच्या गावात असलं कधी नव्हतंच. मी किती वर्षं सांगतोय.”

आत्या उभी राहिली. “कोन बोल्लं ह्ये?”

मॅडमनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. “आजी, हे तुमचंच उत्तर आहे. होय.”

आत्याला वाचता येत नाही. तिने लॅपटॉपकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. “हिनं लिवलंय?”

मी म्हटलं, “आत्या, काहीतरी चूक झालीय.” माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. तिने चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली. गुरुजी मॅडमना समजावत होते, “वय झालंय त्यांचं. आठवत नसेल.” त्या माणसाला त्याच क्षणी काहीतरी फेकून मारावंसं मला वाटलं, आणि मारलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण कागद त्यांच्या बाजूने बोलत होता आणि तो मी तयार केला होता.

त्याच दुपारी शीट उघडून बसले तेव्हा सगळा घोळ उलगडला. मूळ फाइल शोधली. ती नव्हती. फॉर्ममधली उत्तरं शीटमध्ये घेतल्यावर मी फॉर्म रिकामा केला होता आणि पुढची सगळी साफसफाई त्या एकमेव प्रतीवर केली होती. ‘मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची’, हे सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. दोनदा अधोरेखित केलं होतं. मी तेव्हा त्यांच्यावर चिडण्यात गर्क होते. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “मी सांगितलं होतं.” तो माणूस बरोबर होता, याचा मला जेवढा संताप आला तेवढा त्याच्या हेल काढण्याचाही आला नव्हता. मग म्हणाले, आठवणीवरून काही भरू नका, प्रत्येकीला पुन्हा विचारा. मॅडमचं म्हणणं, एक तळटीप घालून भागेल.

मी पुन्हा घरोघर फिरले. बहुतेकींनी पुन्हा सांगितलं. एकीने आधी शिव्या घातल्या, मग सांगितलं. एक मधल्या काळात वारली होती. तिची चौकट कोरी ठेवली. आत्याकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण धीर होत नव्हता.

तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच प्रश्न वाचला.

“एकडाव सांगितलं ना.”

“ते पुसलं गेलं, आत्या.”

“गेलं न्हाय. तू पुसलंस.”

मी म्हटलं, हो, मी पुसलं, म्हणून तर आलेय. ती म्हणाली, “कोनाला सांगितलं न्हवतं मी. तुज्या बापालाबी न्हाय. तू लिवतीस म्हून सांगितलं. आता त्या वाडीवाल्या मास्तरानं समद्यांदेकत मला खोटी पाडली, आन् तू गप ऱ्हायलीस.”

“मग मी ‘न्हाय’ लिहू ना? तू म्हटलं होतंस तेच.”

“माज्या तोंडचं तू तुज्या मनानं लिवायचं न्हाय. मी आता काय बी सांगत न्हाय. जा तू.”

मी शीटमध्ये तिच्या ओळीत ‘उत्तर दिले नाही’ असं भरलं. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. सरांनी शीट तपासली, एकही दुरुस्ती निघाली नाही. पुढे कधी कुणी ती उघडली, तर त्याला वाटेल, या एका म्हातारीला सांगण्यासारखं काही नव्हतं.