क्रॉसमॅच पॉझिटिव्ह

महाडच्या बाजारपेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजसाठी रुबिया, टू बाय टू. बायका पिशवीतून साडी काढतात आणि म्हणतात, "ताई, याला मॅचिंग द्या." मी कापडाचा तागा काढते, साडीचा पदर धरते आणि बाईला दुकानाच्या पायरीवर उन्हात घेऊन जाते. ट्यूबलाइटखाली सारखे वाटलेले रंग उन्हात वेगळे निघतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच काम करतेय.

माझ्या धाकट्या भावाला मात्र मॅच म्हटलं की एकच कळायचं. आमचं माहेर पोलादपूर तालुक्यातलं कापडे. भात झोडून झालं की तिथल्या मोकळ्या खाचरांत पिच तयार करतात आणि टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात. भाऊ मुंबईत टेम्पोवर ड्रायव्हर होता, पण गावच्या टीमचा मुख्य बॉलर. "मॅच हाय," एवढं सांगून गाडी मालकाच्या दारात लावायचा आणि गावाला यायचा. परत गेल्यावर बोलणी खायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मग एका हिवाळ्यात तो आला आणि खेळलाच नाही. पाय सुजले होते, चेहरा फुगल्यासारखा दिसत होता. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या जवळपास गेल्या आहेत. नोकरी सुटली. बायको आणि लहान मुलीला घेऊन तो कायमचा कापड्याला आला आणि महाडच्या एका दवाखान्यात त्याचं डायलिसिस सुरू झालं. मधे रक्त फारच कमी झालं म्हणून दोनतीनदा बाटल्याही चढवाव्या लागल्या.

डायलिसिस झालं की एसटीची वेळ होईपर्यंत तो माझ्या दुकानात बसायचा. पाणी मोजून प्यायचं होतं. मी शेजारच्या सरबतवाल्याकडून बर्फाचा खडा आणून द्यायचे. तो खडा गालात धरून तो ताग्यांकडे बघत बसायचा. गिऱ्हाईक आलं की सरकून जागा करून द्यायचा. इतका मोठा माणूस, पण स्टुलावर अगदी आवरून बसलेला असायचा. मला ते बघवत नसे.

पुढे मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. भाऊ, भावजय, आई आणि मी. डॉक्टर म्हणाले, "किडनी बदलणं हा चांगला मार्ग आहे. घरातलं कोणी तयार असेल तर बघू. पण मॅच व्हायला हवी."

"कुठल्या ग्राउंडवर?" भावाने विचारलं.

डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. मग हसणं थांबलं आणि आईने माझ्याकडे बघितलं.

आईला साखर होती, तिचं घेता येत नव्हतं. वडील कधीच गेले. भावजय दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला कोणी विचारलंच नाही. आई उघडच म्हणाली, "ती दुसऱ्या घरातनं आलेली. तिचं कसं जुळंल? सख्खी बहीण हाय की. रक्त एकच."

मी म्हटलं, "मी आहे ना."

लगेच म्हटलं, अडखळले नाही. भावाने मान खाली घातली. मला तेव्हा स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला. तो अभिमान परतीच्या गाडीत कधीतरी ओसरला. माणगावच्या पुढे मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि हात आपोआप कमरेच्या मागे गेला होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चांगला माणूस आहे, आरडाओरडा करत नाही. म्हणाला, "निर्णय तुझा." थोड्या वेळाने म्हणाला, "कशेडीपलीकडचं ते खेडचं स्थळ. आपल्या पोरीची पत्रिका मॅच झालीय म्हणून कालच फोन आला. आता तू ऑपरेशनला जाणार म्हटल्यावर ते काय म्हणतील, कोण जाणे."

मी चिडले. म्हटलं, "माझ्या भावाच्या जिवापुढे स्थळाचं काय घेऊन बसलात?" पण खरं तर कोणीतरी असं काही बोलावं म्हणून मी वाटच बघत होते. तो बोलला म्हणून त्याच्यावर रागावता आलं. नसता बोलला तर मला माझ्याशीच बोलावं लागलं असतं.

तपासण्या सुरू झाल्या. आधी रक्तगट. तो जुळला. आईने फोनवर सगळ्या वाडीला सांगितलं. मग आणखी कसल्या कसल्या चाचण्या, त्यातही बरंच जुळलं. प्रत्येक वेळी आई आनंदून जायची, भाऊ "ताई, तू हायस म्हणून" असं अर्धंच बोलून थांबायचा आणि मी हसून "असू दे रे" म्हणायचे. सकाळी दुकान उघडलं की गल्ल्याजवळच्या देवासमोर दिवा लावते. त्या दिवसांत हात जोडल्यावर भावाला बरं कर असं मनात यायचंच नाही. मनात यायचं, जुळू देऊ नकोस. मग मी घाईघाईने दुसरं काहीतरी म्हणून बाजूला व्हायचे. पण म्हणायचं ते आधीच म्हणून झालेलं असायचं.

शेवटची तपासणी क्रॉसमॅचची. त्याचं रक्त आणि माझं रक्त एकत्र करून बघतात, एवढंच आम्हाला कळलं होतं. काही दिवसांनी दुपारी दुकानात भावाचा फोन आला.

"ताई, आला रिपोर्ट! क्रॉसमॅच पॉझिटिव्ह हाय गो!"

मागे आईचा आवाज येत होता. ती नारळ घेऊन देवळात निघाली होती. मी "हो का, बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. समोर एक बाई मोरपंखी साडीचं ब्लाउजपीस घ्यायला थांबली होती. मी कात्री चालवली आणि कापड तिरकं कापलं. बाई म्हणाली, "अहो ताई, लक्ष कुठंय?" मी तिला दुसरं पीस दिलं, स्टुलावर बसले आणि पदराने घाम पुसला.

मग वाटलं, कधी यायचं ते तरी विचारावं. हॉस्पिटलात या कामासाठी एक मॅडम होत्या, त्यांना फोन लावला. म्हटलं, "पॉझिटिव्ह आलंय, तर ऑपरेशनची तारीख..."

"अहो, तुमचा गैरसमज झालाय," त्या म्हणाल्या. "पॉझिटिव्ह म्हणजे त्यांच्या रक्तात तुमच्या पेशींच्या विरोधातलं काहीतरी तयार झालंय. मागे बाहेरचं रक्त चढवलं होतं ना, त्याने होतं असं कधीकधी. तुमची किडनी बसवली तर त्यांचं शरीर ती टाकून देईल. निगेटिव्ह यायला हवं होतं. सॉरी."

"म्हणजे माझी नाही चालणार?"

"नाही चालणार."

"नक्की?"

"हो, नक्की."

मी "अरेरे" म्हटलं. फोन ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. साधीसुधी नाही, कडकडून. मी पोरीला गल्ल्यावर बसवलं, समोरच्या हॉटेलात गेले आणि मिसळ मागवली. वरून तर्री घेतली. पाव संपले तेव्हा आणखी मागवले. खाताना मी रस्त्यावरच्या ओळखीच्या बायकांकडे बघून हसतसुद्धा होते. चहा घेतला आणि कपाच्या तळाशी आल्यावर आठवलं, की आई अजून देवळातच असेल.

भावाला मीच सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं गो ताई. तुला उगाच त्रास झाला असता. तुझं दुकान, पोरीचं लग्न. तू मनाला लावून घेऊ नको."

मी रडायला लागले. त्याला वाटलं, मला दुःख झालंय म्हणून रडतेय. तो माझी समजूत घालत राहिला आणि मी ती घालू दिली. भावजयीला फोन दे म्हटलं तर ती बोलायला आलीच नाही. मला वाटलं, रागावली असेल. तिने रागवावं असं मला वाटतच होतं.

त्यानंतर ती आपणहून डॉक्टरांना म्हणाली, "माझी करा तपासणी." तिचा रक्तगट कोणालाही चालणारा निघाला. क्रॉसमॅचचा रिपोर्ट आला तेव्हा आईने मलाच फोन केला. या वेळी ती देवळात गेली नव्हती. घाबरत घाबरत विचारत होती, "निगेटिव्ह आलंय गो. निगेटिव्ह म्हंजे चांगलं ना?"

"चांगलं, आई," मी म्हटलं.

ऑपरेशनला मी मुंबईत होते. दोघांनाही वेगवेगळ्या दारांतून आत नेलं. भावाकडे मी बघू शकले. तिच्याकडे बघताना मात्र नजर तिच्या पायांतल्या जोडव्यांवरच राहिली. ती काढायला सांगितली होती, निघत नव्हती म्हणून वरून चिकटपट्टी लावली होती. दोघेही नीट बाहेर आले. भावाला आठवडाभरात स्वच्छ लघवी व्हायला लागली तेव्हा आई वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटली, नर्स हसायला लागल्या. भावजय एका हाताने कूस धरून कॉरिडॉरमध्ये हळूहळू चालायची. मी तिचं डबा-पाणी केलं, केस विंचरले, पाय चेपायला गेले तर तिने पाय ओढून घेतले. "ताई, असं नका करू," म्हणाली. भाऊसुद्धा एकदा म्हणाला, "ताई, पुरे आता. तू आम्हाला लाजवतेस."

पावसाळ्यात तिला अजून वाकायची परवानगी नव्हती, म्हणून भाताच्या लावणीला मी कापड्याला गेले. वर्षानुवर्षं चिखलात हात घातला नव्हता. कमर लगेच भरून आली. भावजय छत्री घेऊन बांधावर बसली होती आणि आवणाच्या रोपांच्या जुड्या सुट्या करून मला देत होती. बाकीच्या बायका खालच्या खाचरात होत्या. दुपार होत आली होती. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुला एक सांगू का? माझं जुळलं नाही ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं गो. खूप बरं वाटलं होतं."

तिने हातातल्या जुडीचा चिखल झटकला.

"मी नारळ बोलले होते," ती म्हणाली. "तुमचं जुळू दे म्हणून. माझी पोर लहान हाय ना, ताई. म्हटलं, देवा, माझ्यावर नको, त्यांचं घे. त्या दिवशी तुमच्याशी बोलायला मला तोंडच नव्हतं. तुम्ही रडत होतात, ते ऐकू येत होतं मला."

मी सरळ झाले. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझी माफी मागत होती, हे कळायला मला वेळ लागला. मी म्हटलं, "अगं, पण तू गेलीस ना शेवटी."

"मग काय करणार होते?" ती म्हणाली. "दुसरं कोण होतं?"

तिने पुढची जुडी माझ्या हातात दिली. "आईंना सांगू नका हां," एवढंच म्हणाली. खालून कोणीतरी जेवायला हाक मारली तेव्हा आम्ही दोघी बांधावरून एकमेकींचा हात धरून उतरलो.

भाऊ आता बरा आहे. गोळ्या आयुष्यभर आहेत, पण पोलादपूरच्या एका पेट्रोल पंपावर बसून करायचं काम मिळालंय. पोरीचं खेडला लग्न ठरलं. त्या लोकांनी माझ्या तब्येतीचा विषय कधी काढलाच नाही. काढला असता की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

कापड्याला फोन केला की मी आधी भावजयीची चौकशी करते, मग भावाची. ती म्हणते, "मी बरी हाय, ताई." आणखी काहीतरी विचारायचं असतं, पण मी जेवण झालं का एवढंच विचारते. तीच मग पावसाचं, तिच्या पोरीच्या शाळेचं काहीतरी बोलायला लागते.