दुसरी बाटली

ऑपरेशन थिएटरमध्ये मावशींना सगळे बाटलीवाल्या मावशी म्हणत. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा सडू नये म्हणून फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायचा, चिठ्ठी चिकटवायची आणि प्रयोगशाळेत पोचवायचा, हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या बाटल्या भरून ठेवायच्या. डोळे मिटूनही चुकणार नाही, असा त्यांना अभिमान होता, आणि तोच नडला.

त्यांच्या डाव्या स्तनात दगडासारखी गाठ आली. वरची कातडी आत ओढली गेली, काखेतही सूज आली. स्तनाचा एक्स-रे फोटो पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. तपासणीसाठी सुईने दोन तुकडे काढायचे ठरले: एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा साध्या सलाइनमध्ये, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि असतील तर ते जिवंत राहायला हवेत. त्या सकाळी मावशींनी नेहमीप्रमाणे ओळीने सगळ्या बाटल्या भरल्या. स्वतःच्या दोन्हीही. मग जाऊन टेबलावर झोपल्या.

आठवड्याने अहवाल आला. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, पण फोटो पाहता खात्री देता येईना. जंतूंचं म्हणाल तर दुसऱ्या तुकड्यात काहीच वाढलं नव्हतं, आणि वाढणार तरी कसं? बाईंनी प्रयोगशाळेला फोनवर फैलावर घेतलं. मावशी फरशी पुसत ऐकत होत्या.

"त्यांना नका बोलू, बाई. दोन्ही बाटल्या मीच फॉर्मालिनने भरल्या होत्या," त्या म्हणाल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ, दोष कुणाला द्यायचा? पुन्हा सुई टोचली. या वेळी तुकडा सलाइनमध्ये गेला, आणि हळू वाढणारे जंतूही दिसावेत म्हणून सहा आठवडे थांबायचं ठरलं. तेवढे दिवस त्यांनी इतरांच्या बाटल्या भरल्या, घरी भाकरी केल्या, नवऱ्याला धीर दिला. मुलगी रजा घे म्हणून मागे लागली, तर घरी बसून गाठच चाचपत बसेन म्हणाल्या. खरं तर त्या आतून पार थकल्या होत्या. जे काय असेल ते एकदाचं कळू दे, एवढंच त्यांना वाटे.

अखेर बाई स्वतः थिएटरात आल्या. "मावशी, क्षयाचे जंतू आहेत. स्तनात फार क्वचित होतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. स्तन काढून टाकायची गरज नाही."

मावशींनी मान हलवली. हातातली बाटली चिठ्ठी वर करून नीट ठेवली. मग एकोणीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते झालं. कामाच्या वेळी त्या स्टुलावर बसल्या.

"पुढचा पेशंट थांबू दे जरा," त्या म्हणाल्या. "मी दमलेय हो, बाई."