मधला मासा कच्चा राहिला

काच आणि चिनी माती सोडली तर जगातल्या कुठल्याच भांड्यावर माझ्या भासऱ्यांचा विश्वास नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. चंद्रपूरला एका कारखान्यात वायरमन होते. तिथे यंत्रं बसवायला आलेला परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना त्यांना आपली मायक्रोवेव्ह भट्टी देऊन गेला, सोबत काचेची दोन भांडी. जाऊबाई वारल्यापासून भासरे आमच्याकडेच राहतात, म्हणून भट्टीही आमच्या ओसरीवर आली.

आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही, तेही सुनेशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर ते भिंतीकडे तोंड करून सांगतात आणि मी दाराआडून ऐकते. मला सांगायचं असलं तर दाराची कडी वाजवायची. एकदा वाजली की चहा झाला, दोनदा वाजली की जेवण. तिसरं काही सांगायची वेळच कधी आली नव्हती.

त्यामुळे भट्टीचं सगळं शास्त्र आमच्या भिंतीला पाठ झालं. "स्टीलचं भांडं आत ठेवाचं नाई. मशीन रिकामी चालवाची नाई." चुकून कोणी बटण दाबलं तर म्हणून एक पेला पाणी कायम आत असायचं. माझ्या लग्नातले सोनेरी काठाचे कप त्यांनी ठिणग्यांच्या भीतीने कुलपात घातले. एकदा माझ्या नवऱ्याने गुपचूप अख्खं अंडं ठेवलं, ते आत फुटलं. भासऱ्यांनी दुपारभर भट्टी पुसली आणि भिंतीला म्हणाले, "टरफलासकट अंडं ठेवाचं नाई. वाफेले निघाले जागा लागते. मानसालेही लागते."

पण त्यांचा सगळ्यात आवडता धडा ढवळण्याचा. ही भट्टी कडेचं आधी शिजवते, मधलं मागे राहतं. म्हणून जाड तुकडे कडेला लावायचे, शेपट्या मधे. अर्ध्यात थांबवून ढवळायचं. घंटी वाजल्यावरही पाच मिनिटं झाकून ठेवायचं. हे ते इतक्यांदा सांगत की पुढचा शब्द आधी माझ्याच ओठांवर यायचा.

कारखान्यातल्या, आता आमच्याच गावात राहणाऱ्या जुन्या सोबत्यांना मात्र हे सगळं थापा वाटायचं. "भाऊ, बिनाआगीनं का शिजते?" असं ते बाजारात सगळ्यांसमोर विचारत. शेवटी भासऱ्यांनी चौघांना जेवायला बोलावलं. पहाटेच तळ्यावरून मासे आणले, मसाला वाटायला मला भिंतीमार्फत सांगितलं, नवा सदरा घातला.

भट्टी सुरू झाली. सोबत्यांनी कारखान्यातल्या गोष्टी काढल्या आणि भासरे रंगात आले. अर्ध्यात भट्टी थांबली तेव्हा ते एका साहेबाची नक्कल करत होते. बोलता बोलताच त्यांनी पुन्हा बटण दाबलं. ढवळलं नाही. जाड तुकडेही मधेच राहिले होते, मी दाराआडून बघत होते. "ढवळा" एवढं म्हणायचं होतं. ओसरीवर चार परके पुरुष. मी कडी वाजवली.

भासरे भिंतीला म्हणाले, "चहा आत्ता नाई. जेवनं होऊ द्या."

मी पुन्हा वाजवली. ते हसून सोबत्यांना म्हणाले, "आमच्या घरात लय घाई हाये."

घंटी वाजताच ताटं वाढली. कडेचे तुकडे वाफाळत होते, मधले गुलाबी आणि कच्चे. एक जण बोटाने मासा उलटवत म्हणाला, "भाऊ, तुमच्या मशीनीत मासे जितेच राह्यते वाट्टे." सगळे हसले. भासरेही हसले, पण ताटाकडे बघून.

पाहुणे गेल्यावर ते भिंतीसमोर बसले. मग हळूच विचारलं, "कडी काऊन वाजवली होती?"

मी काहीच बोलले नाही. बोलायची रीत नव्हती, हे खरं. पण त्या क्षणी घरात आम्ही दोघंच होतो आणि एका शब्दाने कोणाचं काही बिघडलं नसतं. ते म्हणाले, "म्हंजे पाह्यलं होतं." उठले आणि भट्टीची वायर काढून गुंडाळून ठेवली.

त्याला चार वर्षं झाली. भासरे बाजारात जात नाहीत. भिंतीलाही आता काही सांगत नाहीत, समोर येईल ते खातात.

काल नवरा शेतावर होता. मला उशीर झाला, भात गार झालेला. भासऱ्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "गरम करून देऊ का?"

लग्नाला सतरा वर्षं झाली, हे माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं. त्यांचा हात थांबला. दाराकडे नाही, भिंतीकडेच बघून ते म्हणाले, "राहू द्या. चांगला हाये."

मग सगळा भात संपवला, शेवटच्या शितापर्यंत.