दोन काचांची खिडकी

सोलापूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीतली खिडकी उघडी असली की वारा यायचा, आणि बंद असली की तोच वारा शिट्टी वाजवत यायचा. बिजागऱ्या झिजून काचेचं झडप एका बाजूला लोंबत होतं. चैत्रातली झळ आणि रस्त्यावरची धूळ फटीतून थेट आमटीत उतरायची.

एरवी मी लक्ष दिलं नसतं. पण बायको पहिल्या बाळंतपणाला मैंदर्गीला माहेरी गेली होती आणि सासऱ्यांनी निरोप धाडला, "खिडकी नीट झाल्याबिगर लेक अन् नात येणार न्हाय. बाळाला वारं बाधतं." मुलीला मी फक्त बारशाला पाहिलं होतं. मला ती घरी हवी होती.

सुताराला बोलावणं कमीपणाचं वाटलं (मी पदवीधर होतो). नव्या बिजागऱ्या आणल्या. कुजक्या चौकटीत स्क्रू धरेनात, तेव्हा हातोडीनं ठोकले. झडप लागेना, तेव्हा खांद्यानं ढकललं. मग असं लागलं की पुन्हा उघडेना! शिवाय थंड देशांत खिडकीला दोन काचा असतात असं कुठंतरी वाचलेलं आठवलं आणि आतून आणखी एक काच लुकणानं चिकटवून टाकली. (उकाड्याचा विचार थंड देशांतले लोक करत नाहीत. मीही केला नाही.)

ठरल्या दिवशी सासरे आले. बायको आणि बाळ टांग्यातच. पसंती झाल्याशिवाय सामान उतरवायचं नाही, असा हुकूम. सासऱ्यांनी उदबत्ती पेटवून चौकटीभोवती फिरवली. धूर सरळ वर गेला.

"बेस झालंय की," ते म्हणाले. माझी छाती फुगली. "पण जावईबापू, तुमच्या हातचं काम. टिकंल असं वाटत न्हाय."

चुक चुक चुक.

दोन काचांच्या मधे एक पाल बसली होती. मी तिला आत ठेवूनच लुकण लावलं होतं.

सासऱ्यांनी बोटानं चौकटीवर टकटक केलं. त्यांच्या गावाकडची समजूत अशी, की बोलता बोलता पाल चुकचुकली तर बोललेलं खरं ठरतं, आणि टकटक करून तिला दुजोरा द्यायचा. "हौदु, हौदु," ते कानडीत होकारले. "खरं हाय बघा. टांगा माघारी वळवतो."

"मामा, ती अडकलीय म्हणून ओरडतेय."

"अडकली म्हणून खोटं बोलंल व्हय?"

मी काचेला तोंड लावून "खिडकी टिकेल, जन्मभर टिकेल" असं चढत्या आवाजात सांगून पाहिलं. पालीनं माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प राहिली.

तेवढ्यात उन्हाला कंटाळून बायको बाळाला घेऊन आत आली. सगळा प्रकार ऐकून म्हणाली, "अप्पा, यांना एक काम धड येत न्हाय. म्हणून तर मी हितं असायला पायजे की."

चुक चुक चुक.

सासऱ्यांनी चौकटीवर टकटक केलं आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन ट्रंक उतरवून घेतली. मला इतका आनंद पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. त्या भरात पालीला सोडवायला मी पटाशी उचलली, तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमी बाळाला घ्या," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी."