पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा
मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरून गेले, की जळलेल्या तारांचा उग्र वास येतो आणि मी पेठच्या डोंगरातल्या आमच्या शेतावर जाऊन उभी राहते. शेतात वीज आली म्हणून नाशिकहून माहितीपट काढणारी माणसं आली होती. वडिलांनी नव्या मोटरला हळदकुंकू वाहून बटण दाबलं, ओढ्यातलं पाणी पाइपातून धो धो वर आलं आणि ते तोंडावर हात ठेवून हसले. कॅमेऱ्यामागच्या बाईंना ते फार आवडलं. "काका, पुन्हा एकदा. आता या बाजूने घेऊ." मग ऊन ढगाआड गेलं म्हणून पुन्हा, कुणाची सावली पडली म्हणून पुन्हा. आमच्याकडे व्होल्टेज कमी, मोटर दर वेळी कण्हत उठायची. आई हळूच म्हणाली, "आता पुरं करा." वडील म्हणाले, "लांबून आलेत. पाहुण्यांना नाय कसं म्हणू?" त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मोटर नुसतीच घुमली आणि तिच्यातून धूर निघाला. बाईंना खरंच वाईट वाटलं, जाताना त्यांनी आईचे हात धरले. वाफ्यातल्या मिरचीने लवकरच माना टाकल्या आणि आईवडील पुन्हा दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यांवर मजुरीला निघाले. ती फिल्म अजून मोबाइलवर सापडते. तिच्यात पाणी पडत राहतं, वडील हसत राहतात. परवा मी त्यांना ती दाखवायला घेतली, तर पडद्यावर त्यांचा हात बटणाकडे जाताना पाहून ते म्हणाले, "बंद कर गं. जळंल ती."