सोनटोल्याच्या पाण्यावरून

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही हुडकेश्वरहून सायकली काढल्या, तेव्हा थंडीनं बोटं ब्रेकवर वळत नव्हती. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. मी शाळेत विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं सुट्टी मिळाली की डांबर सोडून मुरमाच्या वाटांवर सायकल घालते. त्यासाठी जाड, खाचांच्या टायरची सायकल घेतली आहे. बाबा सहासष्ट वर्षांचे. नोकरीत असताना ते धरणाच्या कामावर मोजणीदार होते. निवृत्तीनंतर त्यांनी माझी जुनी सायकल चालवायला घेतली आणि आता चढावर मलाच मागे टाकतात.

बेत माझा होता. उमरेडवरून भिवापूर, तिथून कच्च्या वाटांनी वैनगंगेचं खोरं धरून पवनीचा किल्ला, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. बाबा दोनदा नाही म्हणाले होते. आदल्या संध्याकाळी अचानक म्हणाले, "मीही येतो. पण सोनटोल्याकून जाऊ. तिकून पाणी दिसते."

धरणाच्या कामासाठी त्यांनी त्या भागात तीन वर्षं काढली होती. जुनी जागा बघावीशी वाटत असेल, असं मी समजले.

उमरेडपर्यंतचा रस्ता ट्रकांचा. खाणीतून उपसलेल्या मातीचे करडे डोंगर डाव्या हाताला दिसत राहिले आणि धूर, धूळ, धुकं यांतलं काय नाकात जातंय ते कळेना. उमरेडला चहा घेतला, तर्रीपोहे खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. बाबांनी प्लेट तशीच ठेवली.

भिवापूरला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. गावाबाहेर एका सातऱ्यावर (मिरची वाळवून तिचे देठ खुडतात ते मोकळं आवार) थांबलो. एवढा लाल रंग मी एका जागी कधी पाहिला नव्हता. लाल ढिगांच्या कडेनं बायका ओळीनं बसून देठ खुडत होत्या. सगळ्यांची तोंडं पदरानं बांधलेली. मला शिंकांवर शिंका आल्या तशी एक बाई हसली.

"रुमाल बांध वं बाई, नाहीतर पवनीपर्यंत शिंकतच जाशीन. कोण्या रस्त्यानं चालल्या?"

"सोनटोल्यावरून."

तिचे हात थांबले. "तिथी काय आहे? गाव उठलं कधीचंच. रस्ता बी पाण्यात गेला. हाव, नामदेव आहे तिथी, तो डोंग्यानं पलीकडे उतरवून देते. मनात आलं तर."

मी बाबांकडे पाहिलं. ते सायकलच्या चेनवर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भिवापूर मागे पडलं आणि ज्यासाठी आले होते ती वाट सुरू झाली. कालव्याच्या काठानं मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाखोळी आणि हरभरा, मध्येच मिरचीचे लाल तुकडे. टायरखाली खडी करकरत होती. एका वळणावर माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. पंक्चर काढण्यात बाबा माझ्यापेक्षा तरबेज, पण त्या दिवशी त्यांना टायर रिमवर चढवता येईना. मी म्हटलं, "बाबा, बरं नाही का? परत जायचं?"

"परत नाही जायचं," ते जवळजवळ ओरडलेच.

सोनटोल्याला रस्ता सरळ पाण्यात उतरतो. धरणाचं फुगलेलं पाणी एका नाल्याच्या खोऱ्यातून आत शिरून इथपर्यंत पसरलं आहे. पाण्यात वाळलेली झाडं उभी होती, पांढरी पडलेली, फांद्याफांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. गावाची एकच खूण वर उरली होती, देवळाचा कळस. काठावर पत्र्याची एक झोपडी आणि तिच्यापासून थोडं खाली, पाण्याच्या कडेला, मातीच्या भिंतीचा गुडघ्याएवढा अवशेष. त्याच्या बाजूला कोरलेल्या आकड्यांचा एक दगड. मी त्याचा फोटो काढला. बाबा त्या बाजूला फिरकले नाहीत.

नामदेव झोपडीतून बाहेर आला. साठीचा, काटकुळा, डोक्याला मफलर. डोंगा (मासेमारीची अरुंद होडी) काढतो म्हणाला. आम्ही सायकलींची चाकं उतरवली आणि सगळं आडवं रचलं. मी पुढच्या टोकाला बसले, बाबा मध्ये, नामदेव मागे वल्हं घेऊन.

पाणी हिरवट काळं होतं. काठ बराच मागे पडल्यावर मी सहज विचारलं, "काका, सगळं गाव गेलं, तुम्ही काहून राहिले?"

"मले कोणी उठवलंच नाही," तो म्हणाला. "माझं घर रेषेच्या बाहेर होतं. दोन हात. पाणी कुठवर येईन ते मोजाले साहेब आलते, त्यांनी घराखालती दगड गाडला अन् म्हणे, नामदेव, तू नशीबवाला, तुझ्या घराले पाणी लागत नाही. मंग सारं गाव गेलं, मी राहिलो."

वल्हं पाण्यात पडत होतं, उचललं जात होतं.

"काही वर्षं नाही लागलं. मंग एका पावसाळ्यात चढलं. मी पवनीच्या बाजारात गेलतो. बायको घरात तापानं पडून होती. मातीची भिंत, पाण्यानं बसली तिच्यावर. मी आलो तर घर नव्हतं."

मी एक मूर्खासारखा प्रश्न विचारला. "ते साहेब पुन्हा कधी भेटले?"

"नाही. भेटले तं याच डोंग्यात बसवीन. मधात आणीन. अन् विचारीन, साहेब, पोहता येते का?"

तो हसला नाही. तेवढ्यात बाबा बोलले. पाठ त्याच्याकडे, नजर माझ्याकडे, पण बोलले त्याच्याशी.

"नामदेव, तो मीच हाय. मले पोहता येत नाही."

वल्हं थांबलं. डोंगा आपोआप हळूहळू आडवा फिरायला लागला. मी बाबांची बाही घट्ट धरली. काठ दोन्हीकडे सारखाच लांब होता. पोहायला मला येतं, पण तलावातलं, निळ्या फरशीवरचं. बाबांना ओढत काठ गाठता येणार नाही, एवढा हिशोब तेवढ्यात झाला.

"टोपी काढा," नामदेव म्हणाला.

बाबांनी हेल्मेट काढलं आणि सावकाश मागे वळून बसले. डोंगा डुगडुगला. नामदेव त्यांच्याकडे बघत राहिला.

"केस होते तुमाले."

"हाव."

"बोला."

बाबा बोलले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी तुह्या घरापाशी जमिनीची लेव्हल दुसऱ्यांदा घ्याले पाहिजे होती. दिवस बुडत होता, जीप निघाली होती. मी घेतली नाही, आधीच्या आकड्यावरच दगड गाडला. महिनाभरानं कागद जुळवताना चूक दिसली. तुहं घर आत येत होतं, नामदेव. पण कागद वर गेलते. मी कोणाले बोललो नाही. वाटलं, पाणी काय एवढं चढते. मंग पेपरात सोनटोल्याची बातमी वाचली."

"म्हणजे माहीत होतं तुमाले."

"माहीत होतं."

एक पाणकावळा पाण्यात बुडाला आणि बराच दूर वर आला. नामदेव पाण्याकडे बघत होता. त्यानं वल्हं उचललं तेव्हा मी बाबांना मागून धरलं. ते वल्हं पाण्यात गेलं. डोंगा सरळ झाला. उरलेलं पाणी आम्ही पार केलं.

पलीकडे त्यानं सायकली स्वतः उतरवून दिल्या, चाकंसुद्धा नीट झाडाला टेकवून ठेवली. बाबांनी हात जोडले. त्यानं तिकडे पाहिलं नाही. डोंगा ढकलताना एवढंच म्हणाला, "आज पोरगी संगं होती."

पवनीपर्यंतची वाट कशी होती, मला सांगता येणार नाही. किल्ला मात्र आठवतो. मातीचा अजस्र परकोट, त्यावर वाढलेलं गवत, कोरड्या खंदकात चरणाऱ्या शेळ्या, जुना दगडी दरवाजा. कुण्या राजानं कुणापासून काय राखायला हे उभं केलं, ते वाचून आले होते. त्यातलं काहीही आठवलं नाही. परकोटाच्या उतारावर बाबा पाय पसरून बसले. मी उभीच होते.

"मला मुद्दाम आणलं ना तुम्ही? मी असल्यावर तो काही करणार नाही म्हणून?"

"हाव," बाबा म्हणाले. "एसटीनं दोनदा आलतो. दोन्ही बार भिवापूरच्या स्टँडवरून वापस गेलो. एकट्याले हिंमतच नाही झाली."

"आणि त्यानं केलं असतं तर? मीही होते त्या डोंग्यात."

बाबा मान खाली घालून गवत उपटत राहिले. त्यांनी मला त्या पाण्यात नेऊन बसवलं होतं, याचा राग मला आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला, की मी तिथे नसते तर ते कधी बोललेच नसते. रात्री धर्मशाळेत आम्ही एका खोलीत दोन अनोळखी माणसांसारखे झोपलो.

परतीला मोठा रस्ता धरला. समोरून वारा, बाजूनं ट्रक. बाबा मागे पडत होते. मी थांबत होते, ते जवळ आले की पुढे निघत होते. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आईनं विचारलं, "काय काय पाहिलं?" मी म्हटलं, "किल्ला."

सायकलवरून हिंडताना नद्यांची खोरी मी हौसेनं पाहत आले. वाळलेली झाडं, पाण्यातला कळस, सगळं मला देखणं वाटायचं. पाण्याची कड कुठे येऊन थांबते ते कुणीतरी एका संध्याकाळी घाईत ठरवलेलं असतं, आणि ते कुणीतरी माझ्या घरात रोज चहा पीत बसलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. बाबांवर माझी माया कमी झाली नाही. पण ती आता पूर्वीसारखी सोपी राहिली नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, बाबा कुणाला न सांगता निघून गेले. सायकल घरीच होती. आई देवळापासून दवाखान्यापर्यंत शोधून आली. मी शोधलं नाही, मला माहीत होतं. दिवसभर फोन हातात धरून बसले. दिवेलागणीला फाटक वाजलं. त्यांच्या चपलांना ओला चिखल होता.

"भेटला?"

"भेटला. मधात नेलं. बराच वेळ वल्हं आडवं ठेवून बसला." ते पायरीवर टेकले. "मी म्हटलं, जे करायचं ते कर गा. तं म्हणे, तुमच्या रजिस्टरात माह्या घराचा नंबर होता, तिचं नाव होतं का? मी म्हटलं, नव्हतं."

"मग?"

"मंग सांगितलं त्यानं. अनसूया." बाबांनी चपला काढल्या आणि हातात धरून बसून राहिले. "तीन बार म्हणवून घेतलं माह्याकडून. मंग काठाले सोडलं."